साडीच्या दुकानात वीज वाचवायची तर पॅनेल की ट्रॅक?

ज्याने जुन्या ट्यूब काढायचं पक्कं केलंय, त्याच्यासाठी हे लिहितोय. एलईडीने बिल उतरतं का, हा प्रश्न आता उरलेला नाही. तांब्याच्या चोकची ३६ वॅटची ट्यूब चोक धरून ५० वॅटच्या आसपास वीज खाते, तिथे २० वॅटची एलईडी पट्टी पुरते. ४० ट्यूब आणि रोजचे १० तास धरा, दिवसाला १२ युनिट तिथेच वाचतात. एसी असेल तर त्याच्यावरचा भारही हलका होतो, कारण दिव्याने खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन दुकानातच राहते. अडतं ते पुढे: छतभर पॅनेल, म्हणजे छतात बसणारे सपाट चौकोनी दिवे, लावायचे की ट्रॅक लाइट, म्हणजे रुळावर बसवून हवे तिकडे वळवता येणारे दिवे?

आमचं दुकान पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर, साड्यांचं. एका लग्नसराईत मुद्दाम अर्ध्या दुकानात पॅनेल आणि अर्ध्यात ट्रॅक ठेवले. मोजमाप काही केलं नाही, काउंटरवर उभं राहून जे दिसलं तेच सांगतोय.

पॅनेल स्वस्त पडतात. दोन बाय दोनचं फॉल्स सीलिंग असेल तर वायरमन एका दुपारी काम उरकतो. उजेड सगळीकडे सारखा पसरतो आणि डोळ्यांवर येत नाही. पण साड्या असतात भिंतीच्या कपाटांत आणि गादीवर, आणि पॅनेल मधल्या वाटेलाही तेवढाच उजेड देतं. कपाट नीट दिसावं म्हणून फरशीही उजळत बसावी लागते, आणि त्या विजेचे पैसे आपण भरतो.

ट्रॅकचा दिवा हवा तिकडे वळवता येतो, त्यामुळे एकूण वॅट कमी लागतात. किंमत मात्र जास्त, आणि बसवणारा जाणता हवा. दिवा कपाटाच्या फार जवळ आला तर खालच्या फळ्या अंधारात राहतात, फार लांब गेला तर गिऱ्हाइकाचीच सावली मालावर पडते. गादीसमोर बसलेल्या बायकांच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून आम्हाला बरेच दिवे पुन्हा वळवावे लागले.

खर्चापुरतं पाहिलं तर दोन्हींत फार अंतर नाही, असं मला वाटतं. आमचा निर्णय एका वेगळ्याच त्रासाने केला.

“दादा, जरा बाहेर उजेडात बघू का?” साड्या विकणाऱ्याला हे वाक्य नवं नाही. पण पॅनेलच्या बाजूला ते सतत ऐकू यायचं, त्यातही डाळिंबी, कुंकवी, लाल साडी हातात असली की हमखास. घडी मोडलेली पैठणी दोन्ही हातांवर धरून काकू दारात जाणार, मागे त्यांची लेक, मागे आमचा मुलगा, बाहेर रस्त्याची धूळ आणि खेटून चाललेल्या दुचाकी. आत तपकिरी वाटलेला काठ दारात लखलखीत डाळिंबी दिसायचा. रंग आवडला तरी मनात शंका राहायची, मग आतली प्रत्येक साडी दारापर्यंत न्यावी लागे. गर्दीच्या दिवशी एक माणूस त्यातच अडकून पडायचा.

याचं कारण दिव्याच्या सीआरआयमध्ये आहे, म्हणजे त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणाऱ्या आकड्यात. तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो आणि गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्याचा आकडा वेगळा, आर-९. सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर-९ शून्याच्या आसपासही असू शकतो. म्हणजे खोक्यावर ८० पाहून आपण निर्धास्त, आणि लग्नाच्या साड्यांचा मुख्य रंगच मेलेला. सीआरआय ९०च्या वरचा दिवा त्याच विजेत थोडा कमी उजेड देतो, पण तेवढी घट मी आनंदाने सोसतो.

पॅनेलवर अन्याय नको. ९०चे पॅनेलही मिळतात. पण आम्ही फिरलो तेव्हा बहुतेक ठिकाणी ते मागवून घ्या म्हणाले, आणि ९०चे ट्रॅक दिवे समोर लावून दाखवले. शिवाय धूपछाव साडीचा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यातला फरक एका बाजूने येणाऱ्या उजेडात खुलतो. जरीचंही तसंच. पॅनेलच्या सपाट उजेडात दोन्ही झोपतात.

म्हणून आता कपाटं, गादी आणि शोकेसवर ट्रॅक, ४००० केल्विनचे, म्हणजे ना पिवळट ना निळसर अशा पांढऱ्या उजेडाचे. वाटेवर, ट्रायल रूममध्ये आणि बिलिंगपाशी साध्या पट्ट्या. दाराकडच्या फेऱ्या संपल्या नाहीत, पण पुष्कळ कमी झाल्या. किराणा किंवा स्टेशनरीचं दुकान असेल तर मी सरळ पट्ट्या लावा म्हणेन, तिथे ट्रॅकचे जादा पैसे वसूल होतील असं मला वाटत नाही.

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, खरेदीला जाल तेव्हा खिशात डाळिंबी कापडाचा तुकडा ठेवा. दिव्याखाली बघा, गल्लीत येऊन बघा. दुकानदाराला आर-९ विचारा, आणि ड्रायव्हरची, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणाऱ्या भागाची, वॉरंटी वेगळी आहे का तेही, कारण एलईडी चिपच्या आधी बहुधा ड्रायव्हरच जातो. शोकेसच्या दिव्यांना टायमर बसवून घ्या, आणि तिथली रेशमी साडी दर काही दिवसांनी बदला. एलईडीत अतिनील किरण नसल्यासारखेच, तरी सततच्या उजेडाने रेशमाचा रंग उतरतोच.