नमुना खरा, लॉट खोटा: एज मशीनच्या ब्रशात आम्ही असे फसलो

ग्रॅनाइटला लेदर फिनिश (आरशासारखा चकचकीत नाही, हाताला चामड्यासारखा चढउतार लागणारा पृष्ठभाग) देण्याची कामं घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एज पॉलिशिंग मशीनवर, म्हणजे दगडाच्या कडा घासणाऱ्या मशीनवर, ॲब्रेसिव्ह (दगड घासणाऱ्या दाण्यांचा) ब्रश लावायचा विचार असेल तर ॲडव्हान्स पाठवण्याआधी वाचा.

टॉपचा (ओट्यावर वगैरे बसवायच्या दगडाचा) पृष्ठभाग लेदर फिनिशचा असेल तर कड आरशासारखी करून चालत नाही. पॅड दगडाला सपाट करतो. ब्रशचे केस मात्र खळग्यांत शिरतात, अभ्रकासारखा मऊ भाग जास्त खातात, क्वार्ट्झ उभं राहतं आणि हाताला लागणारा तो चढउतार तयार होतो. हे केस नायलॉनचे असतात आणि त्यात आरपार सिलिकॉन कार्बाइडचे, महाग ब्रशात हिऱ्याचे, दाणे मिसळलेले असतात. केस टोकाकडून झिजत जातो तसे नवे दाणे उघडे पडतात. म्हणजे आपण पैसे मोजतो ते दाण्यांचे, आणि नेमके तेच बाहेरून धड दिसत नाहीत.

सप्लायरने आधी नमुन्याचे ब्रश पाठवले. ते झकास चालले. मग ४६ नंबरपासून ५०० पर्यंतचा (नंबर जितका लहान तितका दाणा जाड) पूर्ण संच मागवला. पेटी तीच, स्टिकर तेच, मागची लॉकची बैठकही तीच. केसांचा रंग तर नमुन्याहून गडद, जरा जास्तच 'दमदार'.

पहिली खूण पाण्याने दिली. दगड खरोखर कापला जात असेल तर हेडखालून (ब्रश बसवून फिरवणारा भाग) येणारं पाणी गढूळ, दुधाळ होतं. इथे ४६ नंबर चालू असतानाही खाली जवळजवळ स्वच्छ पाणी येत होतं. ओली कड छान दिसायची (ओला असताना कुठला दगड छान दिसत नाही?), वाळली की होती तशीच.

यानंतर सप्लायरने जे केलं ते मला खऱ्या फसवणुकीपेक्षाही हुशारीचं वाटतं. त्याने सगळा दोष मशीनवर टाकला. आधी म्हणाला, हेडचा दाब कमी पडतोय. दाब वाढवला. मग म्हणे पाणी जास्त आहे, केस घसरतात. पाणी कमी केलं. मग आरपीएम, मग बेल्टचा वेग. खरा ब्रश असेल तर या सगळ्याने फरक पडतोच, त्यामुळे त्याचं बोलणं ऐकायला खोटं वाटत नाही. एज मशीनला फिरवायच्या इतक्या गोष्टी असतात की काहीतरी चुकलंय असं कधीही म्हणता येतं.

त्याचे हे सल्ले निरुपद्रवीही नव्हते. ब्रश टोकाने कापतो. दाब वाढवला की केस वाकून आडवे होतात, टोकाऐवजी कुशीने घासतात आणि तापतात. त्यात पाणी तोडलं की नायलॉन वितळून दगडाला चिकटतं. फिक्या ग्रॅनाइटच्या कडांवर काळपट ओरखडे उमटले, बारीक छिद्रांत रंग बसला. त्या कडा पुन्हा घासून मागे घ्याव्या लागल्या आणि टॉपच्या मापातून तेवढा दगड गेला.

निकाल लावला आमच्या ऑपरेटरने. नमुन्यातला एक अर्धवट झिजलेला ब्रश पडून होता. तो त्याच हेडवर, त्याच दाबाने, तेवढ्याच पाण्यावर लावला. लगेच खाली गढूळ पाणी!

मग लॉटमधल्या ब्रशचे चार केस कापून पत्र्यावर जाळले. (हे उघड्यावर करा, धूर वाईट असतो.) नायलॉन जळून जातं, सिलिकॉन कार्बाइड ज्योतीत जळत नाही. नमुन्याच्या केसातून काळे, चमकणारे, टोकदार कण उरले. काचेवर घासले तर करकरत चरे पडले. लॉटच्या केसातून उरली मऊ राख. काचेवर चरा नाही. तिच्यावर मार्बल ओळखायला वापरतो ते पातळ ॲसिड टाकलं तर ती फसफसली. म्हणजे चुनखडीची भुकटी. कडकपणाच्या मापावर क्वार्ट्झ ७, सिलिकॉन कार्बाइड ९ च्या वर आणि ही भुकटी ३! वर गंमत म्हणजे ४६ आणि १२० अशा दोन्ही नंबरांच्या केसांची जाडी सारखी, राखही सारखी. खऱ्या मालात ४६ चा दाणा साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर असतो, तो सामावायला केसही जाड लागतो.

काचेवर चरा पडला म्हणून हिऱ्याचा ब्रश खरा ठरत नाही, हेही सांगून ठेवतो; सिलिकॉन कार्बाइडही काच सहज कापतं. हिऱ्याच्या नावाने माल घेत असाल तर लेखी हमी आणि लॅबचा रिपोर्ट मागा. नायलॉन कुठलं तेही बिलावर लिहून घ्या: ६.१२ जातीचं ओलं झालं तरी ताठ राहतं, साधं ६ पाणी पिऊन मऊ पडतं.

फोटो आणि व्हिडिओ पाठवल्यावर सप्लायरचं उत्तर आलं, वापरलेला माल परत घेत नाही. न उघडलेल्या पेट्या आहेत म्हटल्यावर म्हणाला, नवा नमुना पाठवतो, पटला तर पुढच्या ऑर्डरमध्ये वळतं करू. नमुना नको, तुमच्या गोदामातली पेटी आम्ही निवडू आणि त्यातला ब्रश तुमच्यासमोर जाळू, असं कळवलं. त्यावर अजून उत्तर नाही.