फोंतेन्हासमधल्या जुन्या घरात जेवताना

पणजीला बदली झाल्यापासून फोंतेन्हास या इथल्या जुन्या वस्तीतल्या एका पोर्तुगीजकालीन घरात चालणाऱ्या रेस्टॉरंटात आमचं नेहमीचं जाणं-येणं आहे. उन्हाळा, पाऊस आणि दिवाळी, तिन्ही तिथे जेवून झाले, म्हणून आता लिहितोय. अशा जागेचा अंदाज एका भेटीत येत नाही, पहिल्या वेळी माणूस घरच बघत बसतो.

आणि घर आहेच तसं. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, वर उंच कौलारू छप्पर, रस्त्याकडच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले. दुपारी त्यातून दुधाळ उजेड झिरपतो आणि मे महिन्यातही आत पंख्यावर भागतं. आवाज मात्र फार घुमतो. शनिवारी रात्री समोरच्याशी बोलायलासुद्धा ओरडावं लागतं. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आई-बाबा सावंतवाडीहून आले की आम्ही मधल्या वारी दुपारीच जातो. तेव्हा वाढणाऱ्यांनाही दोन शब्द बोलायला सवड असते.

चिकन काफ्रियाल इथलं सर्वांत भरवशाचं. हा पदार्थ पोर्तुगिजांच्याच ताब्यातल्या मोझांबिकमधून गोव्यात आला. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसूण, मिरी यांचं वाटण इथे जरा भरड ठेवतात. ते तंगडीच्या चिरांमध्ये मुरलेलं असतं आणि कडेला तव्यावर करपून कुरकुरीत होतं. सोबत पोय, म्हणजे इथला गोल पाव, मागवा, भात नको. शागुती हा रस्साही चांगला, खोबरं खमंग भाजलेलं. विंदालूवर, त्या आंबट-तिखट रश्श्यावर, मात्र माझा राग आहे. सुरुवातीला त्यात माडाच्या सुरेच्या व्हिनेगरचा मऊ आंबटपणा होता. पर्यटकांचा हंगाम सुरू झाल्यावर एकदा चक्क गोड लागलं, पुढच्या वेळी घशाला झोंबणारं बाटलीतलं व्हिनेगर. दोन्ही वेळा सांगितलं, त्यांनी ऐकूनही घेतलं, पण अजून पहिली चव परत आलेली नाही.

याउलट पावसाळ्यात या लोकांनी मन जिंकलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात इसवणाचं (सुरमईचं) रेशाद, म्हणजे लाल मसाला लावून तळलेला मासा, मागितलं तर 'ताजं नाही, फ्रीजरमधलं आहे' असं सरळ सांगत होते आणि त्याऐवजी तिसऱ्या (शिंपल्या) किंवा सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किस्मूर सुचवत होते. तेवढ्याच पैशांत गोठवलेला मासा खपवणं काही अवघड नव्हतं. ते किस्मूर, ओलं खोबरं आणि कांद्याचं, गरम भात आणि आमटीबरोबर, त्यासाठी मी पुढच्या जूनची वाट बघतोय.

ऑगस्टपर्यंत आमच्या नेहमीच्या टेबलामागची भिंत खालून फुगली, रंगाचे पापुद्रे ताटाशेजारी पडू लागले. चिरा पाणी शोषतो, आणि वरून प्लास्टिक पेंट मारला की ती ओल बाहेर पडायला वाटच राहत नाही. दिवाळीच्या आधी गेलो तर पेंट पार खरवडून काढला होता आणि चुन्यात पिवळा रंग कालवून हात मारणं चाललं होतं. पोर्तुगीज अमदानीत पावसाळ्यानंतर घर रंगवणं बंधनकारक असे, आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला. आज तशी सक्ती नाही. नुसत्या फोटोंसाठी घर राखणाऱ्याने त्यावर पुन्हा पेंटच चोपडला असता. इथे खर्च करून भिंतीला श्वास घेऊ दिला, याचं मला फार मोल वाटतं.

दर पणजीच्या मानाने चढे आहेत, दोघांच्या जेवणात ते जाणवतात. गल्लीत गाडी घालू नका, राहणाऱ्यांना त्रास होतो. खाडीपलीकडच्या पाटो भागात लावा आणि खाडीवरच्या पुलावरून चालत या. बेबिंक, म्हणजे थराथरांचा गोड केक, हवं असेल तर जेवण सांगतानाच बाजूला ठेवायला सांगा. एकेक थर वरच्या आचेवर भाजून मगच पुढचा ओततात, त्यामुळे रोज मोजकंच होतं आणि दुपारी दोननंतर बहुधा संपलेलं असतं.