शाळेच्या टॅबसाठी मॅनेज्ड गूगल प्ले: एका संगणक शिक्षिकेचा अभिप्राय

मॅनेज्ड गूगल प्ले शाळेत वापरावं का, असं तालुक्यातल्या दुसऱ्या शाळांचे संगणक शिक्षक मला विचारत असतात. फोनवर सांगून पुरत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आमची शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. देणगीतून आलेले ४० अँड्रॉइड टॅब आहेत. त्यातले थोडे शिक्षकांकडे, बाकी सगळे मुलांसाठी लॅबमध्ये. टॅब सांभाळणं आणि त्यावर कुठली अ‍ॅप चालतील हे बघणं, दोन्ही कामं माझ्याकडे.

मॅनेज्ड गूगल प्ले म्हणजे नेहमीचंच प्ले स्टोअर, फक्त त्यात शाळेने मंजूर केलेली अ‍ॅपच दिसतात. मुलाने गेम शोधला तर तो तिथे सापडतच नाही. टॅबवर कुणाचं खाजगी जीमेल टाकावं लागत नाही; लागणारं खातं आपोआप तयार होतं. मात्र हे चालवायला एमडीएम लागतं, म्हणजे सगळे टॅब एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर. मॅनेज्ड प्लेला पैसे पडत नाहीत, एमडीएमला साधारणपणे दर टॅबमागे पडतात. एमडीएम कुठल्याही कंपनीचं घ्या, अ‍ॅप निवडायची खिडकी बहुतेक ठिकाणी गूगलचीच असते. मी लिहितेय ते त्या खिडकीबद्दल.

टॅब एमडीएमला जोडणं सोपं आहे. टॅब पूर्ण रीसेट करायचा, स्वागताच्या पहिल्या स्क्रीनवर एकाच जागी सहा वेळा बोट आपटायचं, क्यूआर वाचायचा कॅमेरा उघडतो, एमडीएमने दिलेला कोड दाखवायचा. झालं. पण टॅब कोरा असतानाच हे होतं. आधी वापरात असलेला टॅब शाळेच्या पूर्ण ताब्यात आणायचा तर रीसेट मारण्यावाचून इलाज नाही, म्हणजे त्यातले फोटो, फाइली आधी काढून घ्या.

जोडणी झाल्यावर बरेचदा टॅबवरचा कॅल्क्युलेटर, घड्याळ, कॅमेरा गायब होतात. टॅब बिघडला असं वाटतं, पण तसं नाही. पूर्ण ताब्यातल्या टॅबवर कंपनीने आधीच भरलेली बरीचशी अ‍ॅप बंद असतात आणि हवी ती एकेक करून चालू करावी लागतात. कॅमेऱ्याचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. मुलं फोटो काढत बसतील म्हणून कॅमेरा बंदच ठेवा, असा आग्रह प्रत्येक शाळेत कुणीतरी धरतंच. पण बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपमधून वाचायला कॅमेराच लागतो. तो एमडीएमच्या नियमांतूनच पूर्ण बंद केला तर दीक्षा असून नसल्यासारखं. आम्ही कॅमेऱ्याचं अ‍ॅप दिलेलं नाही, पण दीक्षाला कॅमेरा वापरायची परवानगी ठेवली आहे. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करता येतात, आणि याचं श्रेय या व्यवस्थेला द्यायलाच हवं. कीबोर्डचंही तसंच: गूगलचा कीबोर्ड जीबोर्ड मंजूर अ‍ॅपच्या यादीत ठेवा, नाहीतर मराठीत टंकायची सोय राहीलच असं नाही.

आता मंजुरी. खिडकीत अ‍ॅप शोधायचं, निवडायचं, गट ठरवायचा. शिक्षकांचा गट वेगळा, मुलांचा वेगळा. प्रत्येक अ‍ॅपला दोन पर्याय: ते आपोआप बसेल, किंवा स्टोअरमध्ये दिसेल आणि हवं त्याने घ्यावं. मुलांच्या टॅबवर दीक्षा आणि भूमितीच्या आकृत्या काढायचं जिओजेब्रा आपोआप बसतात. शिक्षकांना मी जास्त मोकळीक दिली आहे. या व्यवस्थेचं काम एवढंच, आणि ते ती चोख करते. अ‍ॅप चांगलं की वाईट हे मात्र ती सांगत नाही. प्ले स्टोअरवर २०२२ पासून ‘डेटा सेफ्टी’ असा, अ‍ॅप आपली कुठली माहिती घेतं ते सांगणारा रकाना दिसतो, पण त्यातली माहिती अ‍ॅप बनवणाऱ्यानेच भरलेली असते. ती वाचा, तेवढ्यावर सही मात्र करू नका.

आमच्याकडे मंजुरीची वही आहे. ज्या शिक्षकाला अ‍ॅप हवं त्याने नाव, इयत्ता आणि कुठल्या धड्यासाठी हवं ते लिहायचं. मग मी ते एका जादा टॅबवर बसवते आणि विद्यार्थ्यासारखी वापरून बघते. आधी नेट चालू ठेवून, मग बंद करून. सहावीच्या गणिताच्या सरांनी पाढ्यांचं एक अ‍ॅप मागितलं होतं. भरपूर तारे, छान रंग, आवाज मराठीत. तिसरं गणित सुटलं की स्क्रीनभर जाहिरात आली. बंद करायची फुली कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तीसुद्धा काही सेकंद थांबल्यावर दिसणारी. बोट जरा इकडेतिकडे पडलं की अ‍ॅपच्या आतच दुसरं पान उघडायचं, तेही पैसे लावून खेळायच्या रमीचं. क्रोममध्ये कुठल्या साइट उघडाव्यात याची यादी आम्ही बांधून दिली आहे, पण अ‍ॅपच्या पोटात उघडलेल्या पानाला ती लागू होत नाही. सर म्हणाले, “मॅडम, पोरं पाढे तरी म्हणतायत ना!” मी टॅब त्यांच्या हातात दिला. दुसरी जाहिरात आल्यावर त्यांनीच वहीतल्या आपल्या नोंदीवर काट मारली.

ज्या अ‍ॅपमध्ये एकही धडा बघायच्या आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतात ते मी सरळ नाकारते. पाचवीतल्या मुलीने कुणाचा नंबर द्यायचा? वडिलांचा दिला तर दुसऱ्या दिवसापासून त्यांना कोर्स विकणारे फोन सुरू. शिवाय २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हवी, आणि मुलांवर रोखलेल्या जाहिरातींना मनाई, असं हा कायदा म्हणतो. मुख्याध्यापकांना नकाराचं कारण देताना मी हाच कायदा दाखवते. कुणी वाद घालत नाही.

या व्यवस्थेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वेब अ‍ॅप. कुठल्याही साइटचा पत्ता द्या, नाव आणि चित्र द्या, ती टॅबवर अ‍ॅपसारखी दिसते. चालते क्रोममधूनच, त्यामुळे क्रोम यादीत असायला हवं आणि आपले नियम तिला लागू होतात. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट ही विज्ञान-गणिताच्या प्रयोगांची साइट मी अशीच दिली आहे. तिथले कितीतरी प्रयोग मराठीत आहेत, जाहिरात नाही, खातं उघडायला लागत नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टीही अशाच. आठवीच्या मुली विद्युत परिपथाच्या प्रयोगात बॅटरी वाढवत वाढवत आग लागलेली बघतात आणि मग ‘का लागली’ म्हणून मागे फिरून तारा तपासतात. हे लॅबमधल्या खऱ्या तारांवर करू देता आलं नसतं. त्या सरांचे पाढेही शेवटी फेटच्या गुणाकाराच्या खेळावर गेले.

अपडेटचा एक बारकावा लक्षात ठेवा. अ‍ॅप आपोआप अपडेट होतात, पण नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यासाठी टॅब वायफायवर हवा, चार्जिंगला हवा आणि वापरात नसायला हवा. आमचे टॅब रात्री कपाटात चार्जिंगला असतात, आणि शिपाईमामा शाळा बंद करताना राउटरचं बटणही बंद करायचे. विजेची काळजी म्हणूनच ते करत होते. आता आठवड्यातून एक रात्र राउटर चालू ठेवतो, टॅब सकाळी ताजे असतात.

अ‍ॅप यादीतून काढलं की ते बऱ्याच एमडीएममध्ये टॅबवरूनही निघून जातं, आणि टॅबवर साठवलेलं काम त्याच्याबरोबर जातं. म्हणून जिओजेब्रासारखं अ‍ॅप काढायच्या आधी मुलांच्या आकृत्या बाहेर काढून ठेवा. सत्राच्या मध्ये यादीतून काही काढू नका.

शिक्षकांच्या स्वतःच्या फोनसाठी वर्क प्रोफाइल आहे. शाळेची अ‍ॅप ब्रीफकेसच्या खुणेसह वेगळ्या कप्प्यात राहतात आणि त्यांचे खाजगी फोटो, मेसेज शाळेला दिसत नाहीत. हे नीट समजावलं तर शिक्षक तयार होतात. नुसतं “बसवून घ्या” म्हटलं तर होत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

उणीव म्हणाल तर, पैसे देऊन घ्यायची अ‍ॅप शाळेला यातून घेता येत नाहीत. मराठीतल्या अ‍ॅपसाठी वेगळी चाळणी नाही, शोध आपणच घ्यायचा. आणि बटणं दाबून टॅब कुणी रीसेट केला तर तो आपोआप शाळेच्या ताब्यात परत यायला झीरो-टच नोंदणी लागते. ती अधिकृत विक्रेत्याकडूनच होते. आमचे टॅब देताना पुरवठादाराने ती केलीच नाही, आणि नंतर कितीदा मागितली तरी उत्तर आलं नाही. त्यामुळे आमचा टॅब रीसेट झाला की मला पुन्हा क्यूआर दाखवत बसावं लागतं. तो चोरीला गेला तर काय, याची काळजी वेगळीच.

तरीही माझी शिफारस स्पष्ट आहे: अँड्रॉइड टॅब असलेल्या शाळेने हे घ्यावं. फक्त टॅबच्या जोडणीसाठी सुट्ट्यांच्या आधी एका माणसाला दोन-तीन दिवस मोकळे द्या, आणि रोजच्या तासिकांतून मंजुरीच्या वहीसाठी आठवड्याला एक तासिका काढा. टॅब अजून घ्यायचे असतील तर कोटेशनमध्येच दोन ओळी लिहून घ्या: टॅब अँड्रॉइड एंटरप्राइझला, म्हणजे ज्यावर ही सगळी व्यवस्था चालते त्या गूगलच्या सोयीला, चालणारे असावेत, आणि झीरो-टच नोंदणी विक्रेत्याने बिलाआधी करून दाखवावी.