जुन्या जीएलचं एअर सस्पेन्शन: बाहेरचे स्ट्रट आणि कॉम्प्रेसर, गोव्यातल्या एका पावसाळ्यानंतर

मर्सिडीजच्या जुन्या जीएलला, म्हणजे २००६ ते २०१२ च्या एक्स१६४ पिढीला, पुढचे दोन्ही एअर स्ट्रट (चाकावर गाडी तोलणारे हवेचे खांब) आणि त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर, मूळ कंपनीऐवजी बाहेरच्या बनावटीचे बसवले. त्यावर अख्खा पावसाळा आणि मागचा ऑक्टोबरचा उकाडा उलटला. निकाल आधीच सांगतो: स्ट्रट पास, कॉम्प्रेसर काठावर. त्याची मोटर ठीक आहे, कच्चा आहे तो हवेतली ओल टिपणारा ड्रायर. आणि आपल्याकडच्या दमट हवेत भिस्त त्याच्यावरच असते.

या गाडीत पुढे बेलो (हवा भरलेली रबरी पिशवी) आणि शॉकअप एकाच स्ट्रटमध्ये असतात, मागे वेगवेगळे. बेलोचं रबर फाटतं ते जिथे घडी पडून वरखाली सरकते तिथे. तांबड्या मातीचा चिखल त्या घडीत वाळला की बारीक वाळूसारखा रबर घासत राहतो. गळती सुरुवातीला इतकी कमी असते की दिवसा काहीच कळत नाही. सकाळी मात्र एक कोपरा बसलेला दिसतो.

इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. गाडी बसली की मिस्त्री कॉम्प्रेसर बदलतो, कारण आवाज त्याचा येतो. खरा क्रम उलटा आहे. बेलो गळतो, म्हणून कॉम्प्रेसर सतत चालतो, तापतो, त्याच्या पिस्टनची रिंग झिजते. सतत करंट ओढल्याने रिलेचे (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटतात आणि चावी काढल्यावरही मोटर घरघरत राहते. सकाळी बॅटरी झोपलेली. त्यामुळे नवीन कॉम्प्रेसरसोबत नवा रिले हवाच. जुन्यावर नवी मोटर जाळण्यात शहाणपण नाही.

ड्रायरचं गणित वेगळं. त्यातले दाणे आत येणाऱ्या हवेतली ओल शोषतात, आणि गाडी खाली उतरताना बाहेर पडणारी कोरडी हवा त्याच दाण्यांतून जाऊन त्यांना सुकवते. गळक्या गाडीत हवा फक्त भरली जाते, परतीच्या वाटेने फारशी जातच नाही. दाणे ओलेच राहतात, त्यांचा चुरा होतो, आणि ती पांढरी भुकटी व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे चाकांना हवा वाटणाऱ्या भागात, अडकते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा हे फार लवकर घडतं. आपल्या संचाचा ड्रायर पावसाळ्याअखेर उघडला तर, गळती नसतानाही, कडेचे दाणे गिच्च होते. दाणे बदलले, पाइप फुंकून साफ केले, भुकटी पुढे गेली नव्हती. जुन्या मूळ ड्रायरपेक्षा यात दाणेच कमी वाटले.

निदानाला स्कॅनर नंतर, आधी टेप. सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची लिहून ठेवायची, सकाळी चालू न करता पुन्हा मोजायची. एकच कोपरा बसला तर तिथला बेलो किंवा त्याची नळी. पुढचे दोन्ही सारखे बसले तर व्हॉल्व्ह ब्लॉककडे बघा. मग साबणाचं पाणी: नळीच्या जोडावर, स्ट्रटच्या वरच्या टोकाला, बेलोच्या घडीवर.

ऑर्डर देताना चासी नंबर द्या. एडीएस (शॉकअपचा कडकपणा विजेने बदलणारी यंत्रणा) असलेल्या गाडीच्या स्ट्रटला विजेचा प्लग असतो, नसलेल्याला नसतो. वरून दोन्ही जुळे दिसतात आणि चुकीचा आला की परत पाठवण्यात दोन आठवडे जातात.

बसवताना तीन गोष्टींवर मिस्त्रीच्या शेजारी उभं राहा. आधीची हवा स्कॅनरने सोडा आणि गाडीचं वजन स्टँडवर हवं, नुसत्या जॅकवर नाही. नळीचं टोक चिरलेलं असेल तर धारदार पात्याने सरळ काटकोनात कापून नवा जोड वापरा. जुना जोड पुन्हा आवळला की पहिल्याच पावसात फुसफुसतो. आणि नवा बेलो रिकामा असताना त्यावर गाडी टेकवू नका. चाक लोंबत असताना थोडी हवा भरून घडी नीट बसू द्या, मगच उतरवा; नाहीतर रबराला पहिल्याच दिवशी चुकीची मोड पडते. खालच्या आर्मचे बोल्ट गाडी नेहमीच्या उंचीवर आल्यावर शेवटचे आवळायचे. त्यानंतर उंचीचं कॅलिब्रेशन.

चालवायला कशी? चोर्ला घाटाच्या वळणांवर तक्रारीला जागा नाही. गावातल्या गतिरोधकांवर मात्र मूळ स्ट्रटपेक्षा किंचित कडक, छोट्या खड्ड्यात हलका खटका येतो. आठवडाभर उभी राहिली तरी पुढची उंची जागची हलत नाही, आणि स्ट्रट घेण्याचं कारण तेच होतं.

एअर सस्पेन्शन काढून साध्या स्प्रिंग बसवा आणि मोकळं व्हा, असा सल्ला म्हापशापासून मडगावपर्यंत मिळेल. स्वस्त पडतं, पण डॅशवरचा इशारा गप्प करायला वेगळं मॉड्यूल लागतं आणि मागची तिसरी रांग भरली की गाडी मागे टेकते. सात जण घेऊन फिरणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

देखभाल फार नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी चाकांच्या कमानी आतून गोड्या पाण्याने धुवाव्यात, बेलोवर प्रेशरची धार न मारता. कॉम्प्रेसर पुढच्या उजव्या चाकाच्या पुढे, कमानीच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरमागे असतो. लायनरच्या क्लिपा तुटल्या असतील तर जूनआधी बदला. ड्रायरचे दाणे पावसाळा संपल्यावर.

जुनी जीएल विकत घेणार असाल तर मालकाला ती आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगा, आणि पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. बॉनेट गरम लागलं, म्हणजे गाडी आधीच चालू करून उंची भरलेली असणार, तर टेप काढू नका, दुसऱ्या दिवशीची वेळ मागा.