ठसे ओळखणारी तिजोरी कोपरानेही उघडली

कीपॅड, आरएफआयडी कार्ड, बोटाचा ठसा आणि ब्लूटूथ, अशा चार पद्धतींनी उघडणाऱ्या तिजोरीचं कीट मी ऑनलाइन मागवलं. आत एटीमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलर (सगळं चालवणारी छोटी संगणक-चिप), प्रोग्राम आधीच भरलेला. जोडून सुरू केलं तर विक्रेत्याच्या व्हिडिओसारखंच चाललं: बोट ठेवा, सोलेनॉइड (विजेवर सरकणारी कडी) खट्‌ करतो, दार उघडं.

मग घरातल्या एकाने सहज बोट ठेवलं. नोंदणी नसताना उघडलं. मी कोपर टेकवलं. तरीही उघडलं!

असं कीट ज्यांच्याकडे आहे त्यांनी आधी वायरी मोजा. आर३०७ सारखा खरा ठसा-सेन्सर सिरियलवर, म्हणजे एकामागून एक बिट पाठवत, मायक्रोकंट्रोलरशी बोलतो. पॉवर आणि ग्राउंडखेरीज टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची) या दोन वायरी लागतातच. माझ्या 'सेन्सर'ला एकूण तीनच होत्या. वरची काळी काच उचकटली, तर खाली टीटीपी२२३. स्पर्श झाला की एका पायावर व्होल्टेज देणारी साधी टच चिप. ठशाचं तिला काय कळणार? नोंदणी करताना लुकलुकणारा एलईडी आणि डिस्प्लेवरचं 'सेव्ह झालं' हे निव्वळ नाटक.

मग प्रोग्रामवरही विश्वास उरला नाही. लॉक बिट्स (चिपमधलं वाचू न देणारं कुलूप) लावलेले नव्हते, त्यामुळे यूएसबीएएसपी (चिप वाचायचं-लिहायचं यूएसबी उपकरण) जोडून फ्लॅश, म्हणजे प्रोग्राम असलेली मेमरी, वाचता आली. कीपॅडवर टाकायचा माझा पिन (आकडी पासवर्ड) ईईप्रॉम या वेगळ्या मेमरीत होता, तो तिथे दिसायचं कारण नव्हतं. पण हेक्स डंपमध्ये (वाचलेल्या फ्लॅशच्या कच्च्या यादीत) सलग सहा अंक दिसले. कीपॅडवर टाकले, दार उघडलं. हाच प्रोग्राम प्रत्येक कीटमध्ये भरला असेल, तर सगळ्यांच्याच तिजोरीची चावी त्या विक्रेत्याकडे आहे. मला तर नकली सेन्सरपेक्षा हे जास्त गंभीर वाटतं.

कार्ड रीडर मात्र खरा निघाला, आरसी५२२. ब्लूटूथचा एचसी-०५ ही खरा, फक्त पिन कारखान्यातलाच, १२३४.

घेण्याआधी विक्रेत्याकडे सोर्स कोड मागा. आणि व्हिडिओ मागा तो परकं बोट, परकं कार्ड, चुकीचा पिन वापरून दार न उघडल्याचा. उघडतानाचा तर सगळेच दाखवतात.

पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याचं उत्तर आलं: "नवीन फर्मवेअर पाठवतो, ठसे नीट ओळखेल." टच चिपला!