फक्त शिक्षिका शिकवतात अशी दहावीची गणित-विज्ञान शिकवणी: एका पालकाचा अभिप्राय

पुण्यातील ज्या खासगी शिकवणीत आमची मुलगी दहावीच्या गणित-विज्ञानासाठी जाते, तेथे सर्व विषय शिक्षिकाच शिकवतात आणि त्यामुळे मुलींचे गुण वाढतात, असे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेले आहे. दावा निराधार नाही. कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ यांनी आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांच्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शिक्षिकांच्या वर्गात मुलींची प्रगती मुलग्यांच्या तुलनेत अधिक दिसली आणि मुलग्यांचेही नुकसान झालेले आढळले नाही; पण हा फरक वर्षाला प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत, याच्या मापाच्या) सुमारे ०.०३६ पट, म्हणजे लहानच होता. पत्रकात न आलेली बाजू शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडली: पहिली-दुसरीच्या ज्या शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातील मुलींमध्ये ‘गणित मुलग्यांचे’ हा समज वर्षअखेरीस बळावला आणि तो समज बाळगणाऱ्या मुली गणितात मागे पडल्या.

या शिकवणीत दोन्ही गोष्टी पाहायला मिळतात. भूमितीच्या बाई उत्कृष्ट आहेत. समरूपतेचे प्रमेय त्या पाठ करून घेत नाहीत. आधी कच्ची आकृती, मग पक्ष आणि साध्य, आणि त्यानंतर एखाद्या मुलीला फळ्यापाशी बोलावून प्रत्येक पायरीचे कारण विचारतात, चुकलेली पायरी न पुसता वर्गालाच ती शोधायला लावतात. विज्ञान भाग १ मधील भिंगांचा पाठही प्रत्यक्ष बहिर्वक्र भिंग हाती देऊन झाला, त्यामुळे किरणाकृत्या मुलीला रटाव्या लागल्या नाहीत.

बीजगणिताचे मात्र तसे नाही. तेथील बाई स्वभावाने प्रेमळ आहेत, परंतु पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवायच्या वर्गसमीकरणांवर कोणी ‘असे का?’ विचारले की ‘परीक्षेला एवढेच येते’ म्हणून पुढे जातात आणि ‘मलाही शाळेत गणित नकोसेच वाटायचे’ असे धीर देण्यासाठी सांगतात. हेतू चांगला असेल, पण काही आठवड्यांत आमची मुलगी बीजगणिताबद्दल घरी हेच वाक्य बोलू लागली. (भूमितीबद्दल नाही, हे विशेष.) संचालकांना कळवले, तर उत्तरादाखल पुन्हा तेच पत्रक दाखवण्यात आले.

बाकी व्यवस्था चोख आहे. सराव उत्तरपत्रिकांत पायऱ्यांचे गुण नीट दिले जातात, तुकडी लहान आहे, शुल्क मात्र आसपासच्या शिकवण्यांपेक्षा जास्त असून ते एकरकमी मागितले जाते. भूमिती आणि विज्ञानासाठी मी ही शिकवणी निःसंकोच सुचवीन, बीजगणितासाठी सध्या नाही. प्रवेशापूर्वी एक तास विनामूल्य बसू देतात, तो बहुधा भूमितीचाच असतो. बीजगणिताचा तास आग्रहाने मागून घ्यावा आणि शुल्क त्यानंतरच भरावे.