२ टक्के क्लोरहेक्सिडिन + २ टक्के मायकोनाझोल शाम्पू: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

कुत्रा: लॅब्रॅडॉर, वजन ३२ किलो. तक्रार: पोट, काखा आणि जांघेत दर दोन-तीन महिन्यांनी पुटकुळ्या, मागोमाग गोल सालपटं, पावसाळ्यात पंजांना आंबूस वास. वापर: मार्च ते नोव्हेंबर. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या वापरल्या. टक्केवारी सारखी असली की फरक उरतो तो वासाचा आणि फेसाचा, त्यामुळे हे मत मिश्रणाबद्दल (क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, मायकोनाझोल हे बुरशीनाशक) आहे, ब्रँडबद्दल नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. वरवरच्या संसर्गावर उत्तम, पंजांवर बरा, मूळ खाजेवर जवळजवळ शून्य. बहुतेक लोक शाम्पूवर चिडतात ते या शेवटच्या मुद्द्यामुळे.

विकत घेताना लेबल नीट वाचा. ‘क्लोरहेक्सिडिन ग्लुकोनेट सोल्यूशन आय.पी.’ (आय.पी. म्हणजे भारतीय औषधसंहितेच्या मानकाचा) हा कच्चा मालच मुळात २० टक्क्यांचा द्रव असतो. म्हणजे लेबलावर ‘सोल्यूशन आय.पी. १० टक्के’ असेल तर प्रत्यक्ष औषध २ टक्के, ‘सोल्यूशन आय.पी. २ टक्के’ असेल तर जेमतेम ०.४. नीट छापलेल्या लेबलावर ‘इतक्या ग्लुकोनेटइतके’ असा दुसरा आकडा असतो, तोच धरायचा. घरातल्या फरशी-जखमेच्या जंतुनाशकातही क्लोरहेक्सिडिन असतं म्हणून ते वापरायचा मोह होतो. तो टाळा. त्यात बरोबर सेट्रिमाइड हे दुसरं जंतुनाशक असतं आणि कुत्र्यानं अंग चाटलं की तोंड सोलवटतं.

आता आंघोळ. नव्वद टक्के यश-अपयश इथेच ठरतं, असं माझं ठाम मत आहे. कातडी तेलकट असेल तर आधी साध्या सौम्य शाम्पूनं तेल काढा, पण तो पूर्ण निघेपर्यंत पाणी ओता, कारण साबणाचा अंश राहिला तर क्लोरहेक्सिडिन निकामी होतं. पाणी कोमट नाही, साधंच; गरम पाण्यानं खाज वाढते. अंगभर लावायला ४० ते ५० मिली लागतं, फक्त पोट, काखा, जांघा आणि पंजे केले तर २० मिली पुरतं. बादलीभर पाण्यात झाकणभर शाम्पू टाकून ओतणं म्हणजे पैसे मोरीत घालणं. सुरुवात सगळ्यात खराब जागेपासून करा, म्हणजे तिला जास्त वेळ मिळतो. केसांवर फेस काढून उपयोग नाही, बोटं कातडीपर्यंत गेली पाहिजेत. शेपटीखाली आणि बोटांच्या बेचक्यांत हमखास राहून जातं.

फेस झाल्यावर १० मिनिटं. मोबाइलवर गजर लावा, कारण अंदाजानं मोजलेली दहा मिनिटं चारच भरतात. तेवढा वेळ कुत्रं उभं राहत नाही ही खरी अडचण आहे. भिंतीवर किंवा ताटलीत दह्याचा पातळ थर फासून चाटायला द्या. चाटणं अंगाकडे वळत नाही हा दुहेरी फायदा. डोळ्यांत शाम्पू जाता कामा नये, बुबुळाला इजा होते. कानात तर मुळीच नाही. पडदा फाटलेला असेल तर क्लोरहेक्सिडिननं ऐकू येणं जाऊ शकतं. चेहऱ्याला ओलं फडकं वापरा.

धुऊन झाल्यावर टॉवेलनं टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही. मग पंखा किंवा थंड हवेचा ड्रायर. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत काखा आपोआप वाळत नाहीत आणि ओल राहिली की यीस्ट (एक प्रकारची बुरशी) परत. कोकण-मुंबईत हा टप्पा चुकवून चालणारच नाही.

वेळापत्रक: आठवड्यातून दोनदा, तीन ते चार आठवडे, शेवटची पुटकुळी गेल्यावर आणखी एक आठवडा, मग आठवड्यातून एकदा. नव्या पुटकुळ्या साधारण आठ-दहा दिवसांत थांबतात, सालपटांना तीन आठवडे लागतात, केस त्याहून उशिरा. काळवंडलेली कातडी महिनोन्‌महिने तशीच दिसते. ते औषधाचं अपयश नव्हे. कातडी कोरडी पडली तर आधी आंघोळी कमी करू नका, कुत्र्यांसाठीचा मॉइश्चरायझर जोडा.

सर्वांत जास्त घोळ ‘गोल चट्टा म्हणजे गजकर्ण’ या समजुतीनं होतो. फुटलेल्या पुटकुळीभोवती कातडी गोलाकार सुटते, ती हुबेहूब गजकर्णासारखी दिसते, पण बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस या जिवाणूचा उपद्रव असतो. मग औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेलं माणसांचं मलम आणलं जातं. दोन दिवस लाली जाते, पुढच्या खेपेला संसर्ग जास्त पसरलेला असतो, शिवाय ते मलम चाटून पोटात जातं. हळद-खोबरेलही नको, मॅलासेझिया हे यीस्ट स्निग्धावरच जगतं. टी ट्री तेल तर कुत्र्यांना विषारी आहे.

डॉक्टरांकडे गेलात की सेलोटेपनं नमुना घेऊन स्लाइड बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे: गोल दाणे दिसले तर जिवाणू, भुईमुगाच्या शेंगेसारखे आकार दिसले तर यीस्ट. सोबत कातडी खरवडून डेमोडेक्स किडा आहे का तेही पाहून घ्या. हे न करता तिसऱ्यांदा प्रतिजैविक सुरू होत असेल तर थांबवा आणि कल्चर (जिवाणू वाढवून कोणतं औषध चालतं ते पाहणारी तपासणी) मागा. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस असतील तर गोळ्या बदलत बसण्यात अर्थ नाही. शाम्पू मात्र त्यांच्यावरही सहसा चालतो, कारण कातडीवर औषधाची मात्रा गोळीपेक्षा कितीतरी जास्त पोहोचते. मात्रेचाही हिशेब तपासा. सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक किलोमागे २२ ते ३० मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, असं दिलं जातं. ३२ किलोच्या कुत्र्याला २५० ची एक कॅप्सूल दिली तर गरजेच्या निम्मीही भरत नाही, आणि अर्धवट मात्रेनंच जिवाणू निर्ढावतात.

आता खाजेबद्दल. संसर्ग पूर्ण गेला, स्लाइड स्वच्छ आली आणि तरीही कुत्रं पंजे चावतंय, तर मूळ कारण ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी. या शाम्पूचा मला सर्वांत मोठा उपयोग हाच वाटतो: जिवाणूंची खाज बाजूला काढली की उरलेली खाज कुणाची ते कळतं. कमरेवर, शेपटीच्या मुळाशी असेल तर पिसवा. घरातल्या सगळ्या जनावरांना वर्षभर पिसवांचं औषध द्या, आपल्या हवेत त्यांचा सुट्टीचा मोसम नसतो. अंथरूण ६० अंशांच्या पाण्यात धुवा. (मांजर असेल तर कुत्र्याचं पर्मेथ्रिनचं औषध तिच्या आसपासही नको.) पिसवा नसतील तर खाण्याची चाचणी: पूर्वी कधी न दिलेलं किंवा हायड्रोलाइज्ड (बारीक तुकडे केलेलं) प्रथिन, निदान आठ आठवडे. आजीनं टेबलाखालून दिलेल्या पोळीच्या एका तुकड्यानं चाचणी फुकट जाते, चवदार जंताच्या गोळीनंही. फरक पडला नाही तर मग वातावरणातली ॲलर्जी, ऑक्लासिटिनिबसारखी खाज कमी करणारी औषधं, आणि मध्यमवयीन कुत्र्यात थायरॉइड व कुशिंगची (शरीरात कॉर्टिसोल जास्त होण्याचा आजार) तपासणी.

कुठे निरुपयोगी: बोटांमधल्या खोल, रक्ताळलेल्या गाठी. तिथे शाम्पू पोहोचत नाही, गोळ्याच लागतात. पंजांना आंघोळीच्या अधल्यामधल्या दिवशी त्याच औषधाचे वाइप्स जास्त सोयीचे.

खर्च: २०० मिलीची बाटली पूर्ण आंघोळीच्या चार खेपांत संपते, म्हणून पहिल्या महिन्यासाठी दोन बाटल्या एकदम घ्या. आणि टॉवेल जुना ठेवा. क्लोरहेक्सिडिन लागलेल्या कपड्याला धुताना ब्लीच घातलं की तपकिरी डाग उमटतात, आणि ते पुन्हा निघत नाहीत.